तारीख कोणाची?

मराठी भाषेत माणसांनी एकत्र जमण्याच्या जागांना नावांची वानवा कधीच नव्हती. देवळाचा सभामंडप आहे, गावची चावडी आहे, वडाचा पार आहे, धर्मशाळा आहे, तालीम आहे. या प्रत्येक नावातच तिथे कोण जमते आणि कशासाठी जमते हे सांगून टाकलेले असते. पण या साऱ्यांना गिळून आता एकच शब्द पुष्ट झाला आहे, तो म्हणजे 'हॉल'. मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले की मुलगा काय करतो हे विचारण्याआधी नातेवाईक विचारतात, "हॉल मिळाला का?" हॉल मिळाला म्हणजे तारीख मिळाली. मुहूर्त हल्ली भटजी काढीत नाहीत, हॉलचा व्यवस्थापक आपली वही उघडून काढतो, आणि भटजींनी तो पंचांगात बसवून घ्यायचा असतो!

थट्टा सोडून द्या. पण त्या वहीविषयी मला गंभीरपणे काही म्हणायचे आहे.

मी राहतो ते रेवस म्हणजे धरमतरच्या खाडीच्या मुखावरचे लहानसे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच इथे लागते. मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग मुंबईकरांची लग्नेही समुद्र ओलांडून आली. नारळी-पोफळीच्या वाडीत मांडव पडतात, ध्वनिक्षेपक लागतात, आणि दोन दिवसांत सारे आवरून पाहुणे परत जातात. तेव्हा गावोगावच्या समाजमंदिरांचे, सभामंडपांचे काय करायचे हा प्रश्न आमच्या बाजूला आता वरचेवर निघतो. जुनी मंडळी म्हणतात, गावाच्या जागेत परक्याची वरात कशाला? तरुण मंडळी म्हणतात, पत्रे गळू लागले आहेत, ते बदलायचे पैसे कोण देणार? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. अशा वेळी, आपल्यापेक्षा कितीतरी बिकट परिस्थितीत ज्यांना हाच प्रश्न पडला त्यांनी काय केले हे पाहणे बरे असते. म्हणून मी पोलिश लोकांची गोष्ट घेतो. पोलंडचा आणि रेवसचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर तो कोल्हापूरमार्गे आहे.

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया असे दोघे पोलंडवर चालून गेले आणि त्यांनी तो देश वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातून १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन थंडीत, हजारो कुटुंबांना गाड्यांत कोंबून सैबेरियाकडे नेण्यात आले. नेण्याची ती पहिली लाट, आणखी लाटा मागून आल्या. पुढे १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाने या लोकांना सोडले. त्यातून पोलिश सैन्य उभे राहिले, आणि १९४२ मध्ये त्या सैन्याबरोबर बायकामुले इराणात उतरली. तिथून काहीजण हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोरक्या मुलांना आश्रय दिला, आणि त्यानंतर कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर वळिवड्याची वसाहत उभी राहिली.

ही कथा आपल्याकडे आता पुष्कळ सांगितली जाते. कोल्हापुरात महावीर उद्यानात तिचे स्मारक आहे. वळिवड्याला २०१९ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला गेला. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. हे सारे योग्यच झाले. परंतु समीक्षकाचा धंदा असा वाईट की, चांगल्या गोष्टीतही त्याला एक खटकते. मला खटकते ते हे की, या कथेचा नायक नेहमी यजमान असतो. कोल्हापूरकरांचे मन किती मोठे, आपली 'अतिथी देवो भव' ही परंपरा किती थोर, हे आपण रंगवून सांगतो आणि टाळ्या घेतो. पाहुण्यांनी पाच वर्षे तिथे केले काय, हे विचारायचे राहूनच जाते. जणू ती पाच हजार माणसे पाच वर्षे नुसती हात जोडून आभार मानीत उभी होती!

त्यांनी काय केले? कौलारू छपरांच्या लांबलचक बराकी त्यांना मिळाल्या होत्या. त्यांत त्यांनी शाळा काढल्या, इस्पितळ चालवले, चर्च मांडले, नाटक-सिनेमासाठी जागा केली. मुलांसाठी बालवीरांची पथके होती. त्यांना शिकवायला आलेल्यांपैकी झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे पोलिश सैन्यातले अधिकारी होते. कातिनच्या हत्याकांडात ज्यांचे सोबती मारले गेले आणि जे स्वतः थोडक्यात बचावले, अशांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले. असा मनुष्य पंचगंगेच्या काठी पोरांना गाठी मारायला आणि शेकोटीभोवती गायला शिकवीत होता, हे चित्र मला कोणत्याही स्तंभापेक्षा अधिक बोलके वाटते.

इथे भाषेची एक गंमत सांगतो. घराला पोलिश भाषेत 'दोम' म्हणतात. आपल्या वेदांत घराला 'दम' म्हटले आहे, आणि त्या घराचे धनी म्हणून नवराबायकोला आपण 'दंपती' म्हणतो. दोम आणि दम ही एकाच मुळाची लेकरे आहेत. शेकोटीला, चुलवणाला पोलिश शब्द आहे 'ओग्निस्को', आणि त्यात आपला अग्नी बसलेला आहे. आणि निर्वासितांच्या छावण्यांत, कारखान्यांत, गावांत सर्वांनी मिळून बसण्याची, वाचण्याची, गाण्याची जी खोली असे, तिचे नाव 'श्व्येतलित्सा'. म्हणजे उजेडाची खोली. आपल्या 'श्वेत' शब्दाशी तिचे नाते आहे. दिवाळी अंकाच्या वाचकांना याहून अधिक काय सांगावे? घर, अग्नी आणि उजेड या तीन गोष्टी जिथे एकत्र असतात त्याला ते लोक आपले स्थान म्हणतात. आपणही तेच म्हणत होतो, 'हॉल' येईपर्यंत.

पण नुसता उजेड असून भागत नाही. कोणत्या दिवशी दिवा लावायचा हे ठरलेले असावे लागते. वळिवड्याच्या लोकांजवळ देश नव्हता, परंतु तारखा होत्या. ३ मे ही १७९१ च्या त्यांच्या राज्यघटनेची तारीख. ११ नोव्हेंबर ही १९१८ साली मिळालेल्या स्वातंत्र्याची. १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा सण, आणि १९२० साली वॉर्साच्या वेशीवर शत्रूला परतवल्याचा स्मरणदिनही. १९४७ मध्ये ती तारीख आपलीही झाली, तेव्हा वळिवड्याच्या बराकी अजून भरलेल्या होत्या. आणि २४ डिसेंबरची संध्याकाळ. आकाशात पहिला तारा दिसला की पोलिश घरात जेवणाची पंगत बसते, आणि त्या पंगतीत एक पान जास्त मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. ज्या वसाहतीत बहुतेक घरांतला बाप एकतर लढाईवर होता किंवा बर्फात गाडला गेला होता, तिथे ते रिकामे पान कोणाची वाट पाहत असेल, हे सांगायला मोठी कल्पनाशक्ती लागत नाही.

१९४५ च्या जुलैत तर कमालच झाली. लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारच्या नावाने हे सारे चालले होते त्याची मान्यता इंग्लंडने काढून घेतली. महायुद्ध जिंकले गेले, पण या माणसांची गावे रशियाच्या नकाशात गेली. म्हणजे सरकार गेले, घर गेले, गावही गेले. उरले ते पंचांग. मला असे वाटते की, त्या पाच वर्षांत वळिवड्याला पोलंड जिवंत राहिला तो भिंतींत किंवा छपरांत राहिला नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी सर्वांनी जमायचे, या शिस्तीत तो राहिला. समाजाचे घर म्हणजे त्या समाजाच्या तारखा जिथे हक्काने साजऱ्या होतात ती जागा. इमारत दुय्यम आहे.

या कसोटीवर आता आपण दोन ठिकाणे तपासू. एक वळिवडे आणि दुसरे लंडन.

१९४७-४८ मध्ये वळिवड्याची माणसे पांगली. पुष्कळशी इंग्लंडला गेली, काही मायदेशी परतली, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत आणि मग ऑस्ट्रेलिया-अमेरिकेकडे गेली. रिकाम्या बराकींत लगेच दुसरे निर्वासित आले. फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक. ती वसाहत आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पोलिश वसाहतीची वास्तू जतन झाली नाही, अशी हळहळ काही लोक व्यक्त करतात. मला ती पटत नाही. एका बेघर समाजाची जागा दुसऱ्या बेघर समाजाला मिळावी आणि त्याने तिथे चेटीचंद साजरा करावा, दुकाने थाटावी, मुलांची लग्ने लावावी, याहून त्या जागेचा अधिक सन्मान कोणता? उलट मला राग येतो तो आपल्या भाषणांचा. पोलिश पाहुण्यांची कथा आपण १९४८ ला संपवतो आणि त्याच उंबऱ्यातून आत आलेल्या सिंधी कुटुंबांना कथेत जागाच देत नाही. परदेशचा पाहुणा हा पाहुणा, आणि फाळणीतून आलेला आपलाच माणूस मात्र विस्थापित! स्तंभावर वर्षातून एखादे दिवशी पुष्पचक्र चढते. गांधीनगरात रोज माणसे नांदतात. घर कोणते ते वाचकांनीच ठरवावे.

लंडनचे उदाहरण निराळे आहे. त्या शहराच्या साउथ केन्सिंग्टन भागात, एक्झिबिशन रोडवर, 'ओग्निस्को पोल्स्क्ये' नावाची संस्था १९४० पासून आहे. म्हणजे पोलिश शेकोटी. युद्धात परागंदा झालेल्या पोलिश लोकांसाठी ती उघडली गेली तेव्हा इंग्लंडच्या राजाचे बंधू ड्यूक ऑफ केंट हजर होते. तिथे सेनापती आंदेर्स येऊन बसत. कवी मारियान हेमार यांची विनोदी नाट्यमंडळी तिथे खेळ करीत असे. मायदेशी ज्या गोष्टीला हसण्याची बंदी होती तिला लोक तिथे मनसोक्त हसत. आज त्याच उंची, शोभिवंत दालनांत लग्ने लागतात, वाढदिवस होतात, मेजवान्या झडतात. ज्यांना पोलिश भाषेचे एक अक्षर येत नाही असे लोक ती दालने भाड्याने घेतात. तळमजल्यावर उपाहारगृह आहे. हॅमरस्मिथ भागात १९६४ साली स्थापन झालेली आणि १९७४ पासून स्वतःच्या इमारतीत असलेली 'पॉस्क' ही दुसरी संस्था. तिची इमारत बाहेरून पाहता सरकारी कचेरीसारखी आहे, देखणी म्हणवत नाही. पण ती लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली, आणि आत नाट्यगृह आहे, मोठे ग्रंथालय आहे, चित्रांचे दालन आहे. तिचेही सभागृह भाड्याने मिळते.

शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल, हा तर बाजार झाला. ज्या व्यासपीठावर हद्दपारांनी देश जिवंत ठेवला तिथे आज कोणाची तरी केक कापण्याची घाई! मला मात्र यात अधःपात दिसत नाही. भाडेकरूंच्या समारंभांबरोबर पोलिश नाटक, पोलिश संगीत, पोलिश व्याख्यान यांना त्या घरांत अजून जागा आहे. परक्याच्या लग्नाने छप्पर शाकारले जाते आणि त्या छपराखाली आपली कविता वाचली जाते, तर हा व्यवहार तोट्याचा कसा? पूर्वी आपल्या देवस्थानांना इनामजमिनी असत. जमीन कुळाने कसायची आणि दिवा देवापुढे लागायचा. सभागृहाचे भाडे हे आजच्या काळातले इनाम समजावे.

शिवाय घराला आणखी एक काम असते. घर म्हणजे पत्ता. २०१६ च्या जूनमध्ये इंग्लंडने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा दोन-तीन दिवसांतच कोणीतरी पॉस्कच्या दारावर द्वेषाचा मजकूर रंगवून ठेवला. पण त्याच दारात मग शेजारपाजारच्या इंग्रजांनी फुले आणून ठेवली, पत्रे लिहिली. शिवी द्यायची तर कुठे द्यायची आणि फूल ठेवायचे तर कुठे ठेवायचे, हे दोघांनाही ठाऊक होते. ज्या समाजाला घर नाही त्याच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. त्याला कोणी शोधतच नाही.

आता आपल्या घराकडे वळू. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे ते. कोकणातून, आमच्या कुलाबा जिल्ह्यातूनही, गिरण्यांत गेलेल्या माणसांनी दिवसपाळी-रातपाळी सांभाळून त्या रंगमंचावर नाटके केली. कामगार रंगभूमी हा शब्द ज्या थोड्या वास्तूंमुळे अर्थपूर्ण झाला त्यांत हिचा मान मोठा. २०२३ च्या नोव्हेंबरात ते पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आले आणि नाट्यकर्मींनी विरोध केला. त्या वादात सारा भर इमारतीवर पडला: पाडावी की राखावी, नवी किती मजली असावी, खुर्च्या किती असाव्यात. माझ्या मते खरा प्रश्न खुर्च्यांचा नव्हता. नव्या जागेच्या वहीत कामगार मंडळाच्या हौशी नाटकाला, नमनाला, शक्तीतुऱ्याला हक्काची तारीख राहणार की नाही, आणि राहिली तर त्यांना परवडेल अशा दराने राहणार की नाही, हा होता. ही तारीख लेखी मिळाली तर नवी भिंतही जुनीच. ती न मिळाली तर जुनी भिंत जशीच्या तशी राखूनही उपयोग नाही. ती आतून परकी झालेली असेल.

म्हणून हॉल भाड्याने द्यावा की देऊ नये, हा वाद मला चुकीच्या जागी उभा वाटतो. द्यावा, अवश्य द्यावा. मुंबईची लग्ने येत आहेत, रेवसहून करंजाकडे जाणारा पूलही येऊ घातला आहे, तेव्हा ती आणखी येतील. त्यांचे पैसे घ्यावेत आणि पत्रे बदलावेत. पण वर्षाच्या आरंभी, पहिला भाडेकरू दारात येण्याआधी, गावाने ती वही स्वतः उघडावी आणि तांबड्या शाईने आपल्या तारखा आधी लिहाव्यात. शिमगा लिहावा. कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा लिहावी. हरिनाम सप्ताह, शाळेचे संमेलन, महिला मंडळाचे हळदीकुंकू लिहावे. गावातल्या गरिबाच्या मुलीचे लग्न निघाले तर त्यासाठी काही दिवस मोकळे ठेवावेत. उरलेले दिवस मग ज्याला हवे त्याने दाम मोजून घ्यावेत. कोणी दुप्पट पैसे देऊ लागला तरी तांबड्या शाईवर काळी शाई चढू देऊ नये. एकदा चढली की ती जागा आपली राहिली नाही असे समजावे, मग नामफलक कोणाचाही असो.

आणि त्या वहीत एक तारीख अशी असावी की जिला सण म्हणता येत नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. सणाला गावी निघालेली माणसे होती ती. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, आणि त्या आनंदाच्या गलबल्यात हे रडणे बुडून गेले. त्याच पावसाळ्यात तिकडे वळिवड्याला पोलिश बायका आपल्या १० फेब्रुवारीची आठवण उराशी धरून पुढच्या प्रवासाची वाट पाहत होत्या. सैबेरियाला नेलेल्या त्या कुटुंबांचे वंशज जगात कुठेही असोत, आजही १० फेब्रुवारी पाळतात. मेणबत्ती लावतात, नावे वाचतात. त्यासाठी त्यांना मोठी वास्तू लागत नाही. एक खोली लागते, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या कोणाला दिलेली नसली म्हणजे झाले.

आमच्या बाजूच्या गावांनी वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस खुशाल भाड्याने द्यावेत. १७ जुलैची संध्याकाळ तेवढी देऊ नये. त्या संध्याकाळी सभामंडपात एक पणती लावावी, आणि पंगतीत एक पान जास्त मांडावे.